शिबपूरची कंपनी बाग : झाडे, त्यांच्या नोंदी आणि वादळे

नदीकाठची

हावड्यात राहायला येऊन मला अकरा वर्षे होत आली. घरापासून सायकलने पंधरा मिनिटांवर शिबपूरचे वनस्पती उद्यान आहे. आज त्याचे अधिकृत नाव ‘आचार्य जगदीशचंद्र बोस भारतीय वनस्पती उद्यान’ असले, तरी जुनी माणसे त्याला अजूनही ‘कंपनी बागान’च म्हणतात. महाराष्ट्रातून येणारे पाहुणे ‘महावृक्ष’ म्हणून प्रसिद्ध असलेला विशाल वड पाहतात, फोटो काढतात आणि तासाभरात बाहेर पडतात. सुरुवातीची दोन वर्षे मीही तेच केले. नंतर झाडांवरच्या पाट्या वाचू लागले, पाट्यांवरून जुन्या याद्यांकडे वळले, आणि ही बाग आपल्याला नीट कळलीच नव्हती हे ध्यानात आले. त्याविषयी सविस्तर लिहावे म्हणून हा धागा.

बागेची स्थापना १७८७ची. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेतले अधिकारी रॉबर्ट कीड यांनी त्याच्या आदल्या वर्षी प्रस्ताव मांडला. बंगालच्या दुष्काळांतली उपासमार त्यांच्यासमोर होती, म्हणून साबुदाण्याचा ताड आणि खजूर इथे रुजवून लोकांना संकटकाळी खाता येईल असे काही द्यावे, हे त्यांच्या पत्रातले पहिले कारण आहे. पण कंपनीची संमती मिळाली ती केवळ त्या कारणाने नव्हे. जहाजांसाठी साग, डच लोकांच्या हातात असलेला मसाल्याचा व्यापार, रंग आणि धागे देणाऱ्या वनस्पती हे सगळे त्या योजनेत होतेच. आज २७३ एकरांवर पसरलेल्या या बागेची सुरुवात अशी सरळ उपयोगाच्या हिशेबातून झाली.

यातले पुष्कळसे बेत फसले. दालचिनी, लवंग, जायफळ यांना इथला हिवाळा मानवेना. साग उगवला, पण गंगेच्या गाळाच्या जमिनीत त्याचे चांगले लाकूड तयार होईना, म्हणून सागाची लागवड पुढे सोडून देण्यात आली आणि त्या जमिनीचा भाग बिशप्स कॉलेजला देण्यात आला. आज त्याच जागी शिबपूरची अभियांत्रिकी संस्था उभी आहे. जी झाडे टिकली त्यांनी मात्र देशभर सावली धरली. १७९५मध्ये वेस्ट इंडीजमधून आणलेली महोगनी इथे रुजली. आज आपल्या शहरांत रस्त्याकडेला दिसणाऱ्या महोगनीच्या कुळकथेचे एक टोक इथे आहे.

कीड १७९३मध्ये वारले आणि विल्यम रॉक्सबर्ग अधीक्षक झाले. बागेचा संग्रह खऱ्या अर्थाने उभा राहिला तो त्यांच्या वीस वर्षांत. कीड यांच्या काळातल्या सुमारे ३०० जातींवरून रॉक्सबर्ग यांच्या अखेरीस हा आकडा ३,५००च्या आसपास गेला, आणि महत्त्वाचे म्हणजे त्या सर्वांची यादी १८१४मध्ये ‘हॉर्टस बेंगालेन्सिस’ या नावाने छापली गेली. वनस्पतीचे नाव, तिचे मूळ ठिकाण, ती कोणी पाठवली, बागेत कधी आली, फुले आणि फळे कोणत्या महिन्यांत येतात, अशा रकान्यांची ही यादी आहे. एखादे झाड दोनशे वर्षांपूर्वी मलाक्काहून आले की सिल्हेटच्या डोंगरांतून आले, हे त्यामुळे आज सांगता येते.

मला या बागेबद्दल जे म्हणायचे आहे ते नेमके इथे आहे. सुंदर झाडे कोणत्याही उद्यानात असतात. वनस्पती उद्यानातले झाड वेगळे ठरते ते त्याच्या नोंदीमुळे. पाटी पडली, वहीतला क्रमांक हरवला, की तेच झाड, तितकेच हिरवे असूनही, नुसत्या सावलीपुरते उरते. मग ते कोणत्या रानातले, त्या रानात त्याची जात अजून आहे की नाही, त्याच्या बिया तिकडे परत नेता येतील का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

आज बागेत बारा हजारांहून अधिक झाडे-झुडपे आहेत. ताडवर्गाचा स्वतंत्र विभाग आहे, केवड्याच्या जाती आहेत, बोगनवेलींचा मोठा संग्रह आहे, एकमेकांना जोडलेली २४ तळी आहेत आणि त्यांतल्या एकात परातीएवढ्या पानांचे अ‍ॅमेझॉनचे राक्षसी कमळ वाढते. पानांचा द्रोण होणारा कृष्णवड आहे. शेजारच्या केंद्रीय वनस्पतिसंग्रहालयात वाळवलेले सुमारे वीस लाख नमुने आहेत. वाळवलेला नमुना आणि जिवंत झाड एकाच आवारात शेजारी-शेजारी पाहता येणे ही अभ्यासकासाठी फार मोठी सोय आहे.

ज्यांनी बाग पाहिली आहे त्यांनी आपापले निरीक्षण जरूर लिहावे.

बखरवाचक

उत्तम धागा. ‘हॉर्टस बेंगालेन्सिस’चा उल्लेख आला आहे, तेव्हा मराठी वाचकांना जवळचा वाटावा असा एक धागा त्यात जोडतो. रॉक्सबर्ग १८१३मध्ये प्रकृती ढासळल्यामुळे कलकत्ता सोडून गेले. त्यांच्या हस्तलिखितावरून ही यादी छापून काढली ती बंगालमधल्या श्रीरामपूरच्या विल्यम केरी यांनी, आपल्या मिशनच्या छापखान्यात. हेच केरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवीत असत. मराठी भाषेचे त्यांचे व्याकरण १८०५मध्ये आणि मराठी-इंग्रजी कोश १८१०मध्ये निघाला. कोशासाठी मोडी अक्षरांचे खिळे वापरले गेले. या कामात वैजनाथ शर्मा या पंडितांचे त्यांना मोठे साहाय्य होते.

मराठी छपाईच्या इतिहासात केरी आपल्याला भेटतात ते मिशनरी आणि कोशकार म्हणून. परंतु श्रीरामपुरात त्यांची स्वतःची मोठी बाग होती, शिबपूरशी रोपांची देवाणघेवाण चाले, आणि १८२०मध्ये कलकत्त्यात कृषी व उद्यानविद्या संस्था स्थापन करण्यात त्यांचाच पुढाकार होता. रॉक्सबर्ग यांच्या मृत्यूनंतर त्यांचा ‘फ्लोरा इंडिका’ हा ग्रंथही केरींनीच छापला. शब्दांची यादी करणारा माणूस झाडांचीही यादी तितक्याच निष्ठेने करतो, हे मला फार विलक्षण वाटते.

सह्यपायवाट

बखरवाचक यांच्या माहितीत भर घालतो. रॉक्सबर्ग यांनी केरींच्या नावावरून ‘केरिया’ ही प्रजाती निर्माण केली आणि तिच्यातल्या वृक्षाला ‘केरिया आर्बोरिया’ हे नाव दिले. हा वृक्ष म्हणजे आपला कुंभा. भीमाशंकर, ताम्हिणी, आंबोली, कुठेही गेलात तरी पानझडी रानात कुंभा भेटतोच. माघ-फाल्गुनात पाने झडलेल्या फांद्यांच्या टोकांना पांढऱ्या-गुलाबी केसरांची मोठी फुले रात्री उमलतात आणि सकाळी झाडाखाली त्या केसरांचा सडा पडलेला असतो. साल इतकी जाड की वणव्यातून झाड सहज वाचते. या सालीच्या धाग्यांची वात तोड्याच्या बंदुकीसाठी वापरत असत. वाळलेली फुले ‘वाकुंभा’ या नावाने काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात.

तीस वर्षे डोंगर हिंडतो आहे, पण कुंभ्याच्या शास्त्रीय नावात मराठीचा पहिला छापील कोश करणारा माणूस दडलेला आहे, हे आज कळले. पुढच्या फेरीत त्या झाडाकडे वेगळ्या नजरेने पाहीन.

रानमेवा

नदीकाठचीताई, एक शंका आहे. आमच्या वाडीत, सावंतवाडीच्या बाजूला, नारळ-सुपारीच्या सावलीत जायफळ उत्तम येते. दालचिनीही येते. मग शिबपूरला पाणी मुबलक, जमीन गाळाची, हवा दमट असताना ती झाडे का जगली नाहीत?

नदीकाठची

रानमेवा, प्रश्न अगदी योग्य आहे. फरक पडतो तो थंडीत. कोकणात समुद्रामुळे रात्रीचे तापमान फारसे खाली जात नाही. इथे डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून कोरडी, गार हवा येते, आणि विषुववृत्ताजवळच्या झाडांना तो दीड-दोन महिन्यांचा काळच जड जातो. त्यानंतर मार्च-एप्रिलमध्ये उष्ण, कोरडे दिवस येतात. जायफळ, लवंग, मंगोस्टीन, कोको, विलायती फणस ही मंडळी इथे कधीच नीट रमली नाहीत. दुसरीकडे, थंड प्रदेशातली सफरचंदासारखी फळझाडे उन्हाळ्यात होरपळली. दोन्ही टोकांच्या मधली झाडे मात्र इथे उत्तम वाढतात. त्या काळी कोणते झाड कुठे जगेल याचा कोणताही तक्ता हाताशी नव्हता. लावून पाहणे आणि मेलेल्या रोपाचीही नोंद ठेवणे हाच मार्ग होता. म्हणून या बागेतल्या अपयशांनाही मी संग्रहाचाच भाग मानते.

सिंकोनाचे उदाहरण पाहा. मलेरियावरच्या क्विनीनसाठी हे झाड हवे होते. थॉमस अँडरसन अधीक्षक असताना १८६१मध्ये ते स्वतः जावाला जाऊन रोपे घेऊन आले. कलकत्त्याच्या उकाड्यात ती टिकणारी नव्हतीच, म्हणून लागवड दार्जिलिंगच्या डोंगरांत केली गेली. पुढे १८९२पासून बंगालमधल्या टपाल कचेऱ्यांत क्विनीनच्या पुड्या पैशाला एक अशा मिळू लागल्या.

मूळाक्षर

धागा वाचनीय आहे, पण एक गोष्ट नोंदवणे मला आवश्यक वाटते. आपण कीड, रॉक्सबर्ग, केरी यांची नावे घेतो. रॉक्सबर्ग यांनी भारतीय चित्रकारांकडून वनस्पतींची अडीच हजारांहून अधिक रंगीत चित्रे काढून घेतली. त्यांचे संच लंडनच्या क्यू उद्यानात आणि शिबपूरच्या संग्रहालयात आहेत. कित्येक जातींच्या बाबतीत मूळ नमुना उपलब्ध नसल्याने आज त्या चित्रांवरूनच जात निश्चित केली जाते. म्हणजे शास्त्राचा पुरावा म्हणून ज्या वस्तूचा आधार घ्यायचा, ती या चित्रकारांच्या हातची. त्यांतल्या बहुतेकांची नावे आपल्यापर्यंत पोहोचलेली नाहीत. जंगलात नेऊन झाड दाखवणारे, स्थानिक नाव सांगणारे, रोप मुळासकट उचलून होडीत ठेवणारे लोक तर कोणत्याच रकान्यात नाहीत.

हे केवळ बंगालपुरते नाही. पुण्याजवळ दापोडीला १८२८मध्ये गव्हर्नर माल्कम यांच्या काळात मुंबई सरकारची वनस्पती बाग सुरू झाली. तिचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५०च्या दरम्यान बागेतल्या वनस्पतींची दीडशेहून अधिक चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत. चित्रकार गोव्याकडचा, पोर्तुगीज वळणाचा होता एवढेच सांगितले जाते. दापोडीची बाग १८६५मध्ये बंद होऊन काम गणेशखिंडीत गेले. बाग गेली, झाडे गेली, चित्रे उरली आणि ती काढणाऱ्याचे नाव नाही.

नदीकाठची म्हणतात तसे नोंद हेच संग्रहाचे सर्वस्व असेल, तर त्या नोंदीत कोणाला जागा मिळाली नाही हेही सांगितले गेले पाहिजे.

नदीकाठची

मूळाक्षर, आपले म्हणणे मला मान्य आहे. मूळ लेखात ते यायला हवे होते. एक छोटी गोष्ट मात्र जोडते. रॉक्सबर्ग यांनी पुष्कळ जातींची स्थानिक नावे शास्त्रीय नावात ठेवली किंवा वर्णनात लिहून ठेवली. बंगाली, तेलुगू, संस्कृत नावे त्यांच्या ग्रंथात पानोपानी आहेत. नाव सांगणारी व्यक्ती हरवली, पण तिचा शब्द राहिला. ही भरपाई नव्हे, हे मी जाणते.

माळरान

दुसरी एक बाजूही मांडली जावी. घाणेरी! सह्याद्रीच्या उतारांवर, वनखात्याच्या जमिनींवर, माळांवर जिने इतर काही उगवू दिलेले नाही, ती घाणेरी शोभेचे झुडूप म्हणून १८०९च्या सुमारास याच कलकत्त्याच्या बागेत आणली गेली असे सांगतात. आम्ही गावात दरवर्षी श्रमदान करून ती उपटतो आणि पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा उगवते. पक्षी फळे खातात आणि बी सगळीकडे टाकतात. जगभरातून वनस्पती गोळा करणाऱ्या संस्थांनी कुंपणापलीकडे काय जाते याचा विचार त्या काळी केला नाही, आणि त्याचे ओझे दोनशे वर्षांनी आमच्या गुराखी मुलांवर पडले आहे. कोणालाही दोष देण्यासाठी हे लिहीत नाही, पण महोगनीची कुळकथा सांगताना घाणेरीचीही सांगावी.

सह्यपायवाट

माळरान यांच्याशी पूर्ण सहमत. घाणेरीखाली गवत येत नाही, आणि गवत गेले की गुरे आणि भेकरे दोन्ही जातात.

पारंबी

महावृक्षाबद्दल कोणी लिहील म्हणून वाट पाहत होते. मी दहा वर्षांपूर्वी तिथे गेले असताना मार्गदर्शकाने सांगितले की या वडाला मूळ खोडच नाही. हे खरे आहे का? खोड नसेल, तर ते एकच झाड कसे म्हणायचे?

नदीकाठची

पारंबी, ते खरे आहे. हा वड बागेहूनही थोडा जुना, म्हणजे अडीचशे वर्षांच्या आसपासचा मानला जातो. खजुराच्या झाडावर पक्ष्याने टाकलेल्या बीतून तो उगवला आणि त्या खजुराखाली एक फकीर बसत असे, अशी इथली जुनी आख्यायिका आहे. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर प्रचंड चक्रीवादळ आले. नदीचे पाणी बागेत शिरले आणि हजाराहून अधिक झाडे पडली. त्यातून बाग सावरत असतानाच १८६७मध्ये दुसरे वादळ झाले आणि आणखी साडेसातशेच्या आसपास झाडे गेली. महावृक्षाच्या मोठ्या फांद्या मोडल्या, जखमांमधून बुरशी शिरली आणि पुढची साठ वर्षे ती आतल्या आत मूळ खोड पोखरत राहिली. अखेर उरलेले झाड वाचवण्यासाठी १९२५मध्ये ते खोड कापून काढावे लागले.

आज जे दिसते ते सारे पारंब्यांच्या आधारावर उभे आहे. पारंब्या तीन हजारांहून अधिक आहेत आणि पसारा साडेतीन एकरांच्या पुढे गेला आहे. झाडाभोवती सुमारे ३३० मीटरचा रस्ता केला होता. झाड तो ओलांडून बाहेर पडले आहे. फांद्या वर एकमेकींशी जोडलेल्या आहेत आणि सगळ्या त्याच एका बीपासून वाढलेल्या आहेत, म्हणून वनस्पतिशास्त्र त्याला एकच झाड मानते. माळी नव्या कोवळ्या पारंब्यांना पोकळ बांबूमधून वाट देऊन जमिनीपर्यंत आणतात. हे काम मी जवळून पाहिले आहे. बांबू सरळ उभा आहे ना, आत माती-खत ओले आहे ना, हे एक वयस्क माळी हाताने चाचपून पाहत होते.

वादळांनंतरची बाग जवळजवळ उघडी पडली होती. १८७१मध्ये जॉर्ज किंग अधीक्षक झाले आणि त्यांनी ती नव्याने आखली. तळी खणली, त्या मातीने सखल जमीन उंच केली, रस्ते वळवले आणि झाडांची मांडणी जगाच्या भूभागांप्रमाणे केली. आज आपण जी बाग पाहतो ती बरीचशी किंग यांची आहे. १८९०मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्था स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले संचालकही तेच होते. तसे माणसानेही या बागेवर एक वादळ आणले होते. १८४०च्या दशकात बागेचे अधीक्षक डॉ. वॉलिक रजेवर असताना विल्यम ग्रिफिथ यांनी बाग शास्त्रशुद्ध करण्याच्या भरात जुने वृक्ष आणि सायकसची प्रसिद्ध वीथी काढून टाकली. १८४८मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर इथे आले तेव्हा त्यांनी या नासाडीबद्दल तीव्र खंत लिहून ठेवली. ग्रिफिथ अत्यंत बुद्धिमान वनस्पतिशास्त्रज्ञ होते, हेतू चांगला होता, पण शंभर वर्षांचे झाड चुकीच्या जागी असले तरी ते तोडणे हा माझ्या मते कधीच योग्य उपाय नसतो.

२० मे २०२०च्या अम्फान वादळात मी इथेच होते. रात्रभर वाऱ्याचा आवाज ऐकला. टाळेबंदीमुळे बाग बंद होती, त्यामुळे आत जाता आले ते पुष्कळ महिन्यांनी. ओळखीच्या वाटांवर एकदम आकाश दिसत होते. शेकडो झाडे पडली होती आणि महावृक्षाच्याही कितीतरी पारंब्या मोडल्या होत्या. पडलेली काही झाडे पुन्हा उभी करून रोवली गेली. बाकीच्यांच्या जागी नवी रोपे लावण्याचे काम अजून चालू आहे.

राणीबागवाली

मुंबईकरांसाठी एक गोष्ट. शिबपूरला जाणे जमत नसेल, तर भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, थंडी सरता सरता जरूर जावे. तिथे उर्वशी फुलते. तिचे शास्त्रीय नाव ‘अ‍ॅमहर्स्टिया नोबिलिस’. वॉलिक यांनी ब्रह्मदेशाच्या मोहिमेत एका मठाच्या आवारात हे झाड पाहिले. देवासमोर वाहिलेली त्याची फुले त्यांच्या नजरेला पडली होती. गव्हर्नर जनरलच्या पत्नी लेडी अ‍ॅमहर्स्ट आणि त्यांची मुलगी सारा यांच्या सन्मानार्थ त्यांनी हे नाव ठेवले. लांब देठांवर झुंबरासारखी लोंबणारी, लाल पाकळ्यांच्या टोकांवर पिवळा ठिपका असलेली ही फुले पाहताना मान वर करून किती वेळ उभे राहतो, हे कळत नाही. बी क्वचितच धरते, त्यामुळे झाड वाढवायचे ते बहुतेक दाबकलमाने. कृष्णवड आणि गोरखचिंचही त्याच बागेत आहेत.

रानमेवा

शेवटचा एक प्रश्न विचारतो. शिबपूरला दर्याचा नारळ आहे असे ऐकले आहे. आमच्या आजोबांकडे त्याचे अर्धे कवच होते, फकिराच्या कटोऱ्यासारखे. ते किनाऱ्यावर वाहून आले होते असे ते सांगत.

नदीकाठची

होय, रानमेवा. मोठ्या ताडगृहात ते झाड लावले गेले, आणि लावल्याचे वर्ष १८९४ नोंदलेले आहे. याचे मूळ ठिकाण सेशेल्स बेटांपैकी प्रालिन आणि क्युरिअस ही दोनच बेटे. वनस्पतिसृष्टीतले सर्वांत मोठे बी याचे. नर आणि मादी झाडे वेगळी असतात, आणि शिबपूरचे झाड मादी निघाले. ते कळले फूल आले तेव्हा, म्हणजे लागवडीनंतर सुमारे शंभर वर्षांनी. जवळपास नर झाड नव्हते, म्हणून परदेशातून पराग मागवून शास्त्रज्ञांनी हाताने परागीकरण केले. पहिले प्रयत्न फसले, पुढे फळ धरले. फळ पिकायला सहा-सात वर्षे लागतात. आजोबांचे कवच अजून घरात असेल, तर त्याच्याबरोबर ते कोणत्या किनाऱ्यावर, साधारण कोणत्या वर्षी सापडले हे एका कागदावर लिहून ठेवा.